गळाला लागलेली भुजली

या ग्रुपवर मी बऱ्याच दिवसांपासून आहे, पण आजपर्यंत एकही कमेंट केलेली नाही. फक्त वाचते. खरं सांगायचं तर इथले अनुभव वाचताना माझ्या डोक्यात आधी शंकाच येते... वीज गेली असेल, मांजर असेल, झोप झाली नसेल. लहानपणी शाळेच्या बसमधल्या मुली पिंपळाच्या गोष्टी सांगायच्या तेव्हाही मी खिडकीबाहेर बघत बसायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच थोडं अवघड वाटतंय. माझं शिक्षण इंग्लिश मीडियमला झालंय, मराठी लिहायला वेळ लागतो – सांभाळून घ्या.

आमचं घर गोंदियाला, फुलचूरला. बाबांचं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. मी नागपूरला नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यात बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मी लॅपटॉप घेऊन घरी आले. काम घरून, आणि सकाळ-संध्याकाळ बाबांच्या डोळ्यात औषध घालणं.

बाबांना एकच नाद – गळ टाकून मासे धरायचा. दर रविवारी सकाळी आमगावच्या बाजूला एका गावच्या तलावावर जातात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते माझ्या मामाजींचं गाव आहे आणि त्यांना ते आवडणार नाही. डॉक्टरांनी बाबांना धूळ आणि ऊन टाळायला सांगितलं होतं, गाडी चालवायला तर सक्त मनाई. दोन रविवार ते घरात बसले. तिसऱ्या रविवारी सकाळी काळा चष्मा लावून, गळाची काठी घेऊन माझ्या स्कूटीजवळ येऊन उभे राहिले. मी स्कूटी काढली.

इथे मामाजींबद्दल सांगायला हवं. मामाजी म्हणजे माझ्या आईचे मोठे भाऊ. बाबा आणि मामाजी पूर्वी त्याच तलावावर शेजारी शेजारी बसायचे, एकाच डब्यातलं खायचे. आई आजारी पडली, नागपूरला नेलं, आणि ती परत आली नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मामाजी बाबांना एवढंच म्हणाले होते – "तुम्ही उशीर केला." मी तिथेच उभी होते. त्या दिवसापासून बाबा मामाजींशी एक शब्दही बोलले नाहीत.

पण गंमत अशी की तलाव दोघांनीही सोडला नाही. आमच्या जिल्ह्यात तलावांना तोटा नाही. नागरा गावाकडे आहेत, घरापासून जवळ आहेत. तरी बाबा एवढ्या लांब, मामाजींच्याच गावी जायचे. मामाजी तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, एका टोकाला मोहाच्या झाडाखाली बसायचे, बाबा दुसऱ्या टोकाला. मी त्या रविवारी पहिल्यांदाच सोबत गेले होते आणि माझ्या लक्षात आलं – आम्ही पोचेपर्यंत मामाजींनी गळ पाण्यात टाकलाच नव्हता. नुसते काठी मांडीवर घेऊन बसले होते. स्कूटी पाळीखाली थांबली, बाबा उतरले, तेव्हा कुठे त्यांनी गळाला गांडूळ लावलं.

मधल्या जागेत दोघं जण असायचे. हेमराजकाका – पूर्वी राईस मिलमध्ये होते, आता रिटायर – आणि टिकारामकाका, त्यांचं आमगावला सायकलचं दुकान आहे. या चौघांचा एक नियम होता. ज्याच्या गळाला मासा सोडून दुसरं काही लागेल, त्यानं घरी जाताना सगळ्यांना चहा पाजायचा. बाबा आणि मामाजींचं बोलणं बंद झाल्यावरही नियम चालूच होता. फक्त दोघं चहा टपरीच्या दोन बाजूंना उभे राहून प्यायचे.

त्या दिवशी बाबांना गळाचं टोक नीट दिसत नव्हतं, म्हणून आमिष लावायचं काम माझ्याकडे आलं. गांडुळाला हात लावायचा नव्हता म्हणून मी हिंग घालून मळलेल्या आट्याच्या गोळ्या आणल्या होत्या. टिकारामकाकांनी डब्यात डोकावून पाहिलं.

"मासे पकडाले आली का पाहुण्याईले जेवाले देऊन रायली?"

मी हसले आणि डबा झाकला.

हेमराजकाका नुकतेच विशाखापट्टणमहून मुलाकडे राहून आले होते, आणि तिथली गोष्ट सांगायला सगळे भेटायचीच वाट पाहत होते.

"पोरानं मले समुद्रात नेलं. बोटीत बसवलं. म्हणलं, बाबा टाका गळ. टाकला. असा जड लागला, असा जड... मले वाटलं, आता फोटो पेपरात येते. वर काढलं तं काय निघालं सांगा."

"तुमचं नशीब," टिकारामकाका म्हणाले.

"टायर. स्कूटरचा टायर. आन् त्या टायरात एक खेकडा बसून. माह्याकडे असा पाहून रायला, जसा मी त्याच्या घरात चपला घालून घुसलो."

"मंग?"

"मंग काय. सोडून देल्लं. त्याचं घर होतं ना बा."

"समुद्राचं काय सांगता," टिकारामकाका म्हणाले, "मले इथंच कवळी लागली होती. दातायची. पूर्ण. तवापासून मी गावात सगळ्यायच्या तोंडाकडे पाहतो, कोण चणे खाऊन नाही रायला म्हणून."

मला हसू आवरेना. बाबाही हसत होते. लांब मोहाखाली मामाजींच्या खांद्यांची हालचाल मला दिसली – तेही हसत होते, पण तोंड पाण्याकडे ठेवून.

मग हेमराजकाका बाबांकडे वळले. "सुरेशभाऊ, तुमच्या मेव्हण्याले गळ टाकल्यापासून नुसतं शेवाळ लागून रायलं."

"मी विचारलं का?"

"नाही विचारलं. मी सांगतलं." थोडं थांबून ते हळू आवाजात म्हणाले, "आन् हेही सांगतो. पुढच्या रविवारी ते नाही येत. रायपूरले चालले, पोराकडे. कायमचे. घराले कुलूप, शेती ठेक्यानं देल्ली. आजचा शेवटचा रविवार होय त्यायचा."

मला हे माहीत होतं. मामाजींनी मला फोन करून सांगितलं होतं. बाबांना कसं सांगायचं ते न कळून मी आठवडाभर गप्प होते. बाबांनी काठी थोडी खाली केली, परत वर घेतली. "बरं," एवढंच म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी दगडावर बसले होते. आज बोलले नाहीत तर हे दोघं आता कधीच बोलणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. मामाजी सत्तरीच्या घरात, बाबा त्यांच्यापेक्षा थोडे लहान. रायपूर काही फार लांब नाही, पण ज्यांना पाळीचं एवढंसं अंतर चालून जाता येत नाही त्यांच्यासाठी खूप आहे. मी मनात वाक्य जुळवत होते – 'बाबा, एकदा भेटून या' – आणि ते तोंडाबाहेर पडत नव्हतं. आमच्या घरात कोणालाच अशी वाक्यं बोलता येत नाहीत. आई बोलायची.

तेवढ्यात बाबांच्या गळाला ओढ बसली. झटका नाही, मासा लागल्यासारखं वळवळणं नाही... सावकाश वजन आल्यासारखं. बाबांनी काठी उचलली.

"मासा नाही होय," ते म्हणाले.

"चहा पक्का," टिकारामकाका म्हणाले. "काय आहे पाह्य वो पोरी, चप्पल असन तं जोडी पूर्ण होते. एक माह्याकडे आहे."

मी दोरी हातात धरून ओढली. पाण्यातून पिवळं काहीतरी वर आलं. आधी मला वाटलं प्लास्टिकची फुलं असतील, विसर्जनाची. मग हातात घेतलं आणि मी बघतच राहिले.

ती भुजली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे नागपंचमीच्या सुमाराला बायका पळसाच्या पानांच्या दोन्यात, म्हणजे द्रोणात, माती घालून गहू पेरतात आणि अंधाऱ्या खोलीत ठेवतात. ऊन न लागल्यामुळे त्याची रोपं हिरवी न होता पिवळीजर्द वाढतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती वाजतगाजत तलावावर नेतात, माती धुऊन टाकतात आणि रोपं एकमेकांना वाटतात. लहान असेल तो मोठ्याला देऊन पाया पडतो, बरोबरीचे असतील ते गळाभेट घेतात, आणि ती कानावर खोचतात. आणि एक गोष्ट सगळे पाळतात – वर्षभर कितीही भांडण असो, समोरच्यानं भुजली पुढे केली की नाही म्हणता येत नाही. घ्यावीच लागते. माझी आई दरवर्षी पेरायची. ती गेल्यावर आमच्या घरात कोणी पेरली नाही.

आणि हा वैशाख होता. भुजलीला अजून तीन-चार महिने होते.

पानाचा दोना अर्धा फाटलेला होता, गळ त्याच्या कडेला अडकला होता. रोपं बोटभर लांब, पिवळी, ताठ. एकही पान सडलेलं नाही, चिखलाचा डाग नाही. मागच्या वर्षीची असती तर तिचा केव्हाच चिखल झाला असता, एवढं तर कोणालाही कळेल. पण जी गोष्ट मला आजही सोडत नाही ती वेगळीच आहे. मुळांशी माती होती. मी अंगठ्यानं ती दाबली – आणि ती भुसभुशीत होऊन माझ्या तळहातावर सांडली.

कोरडी होती. पाण्यातून आत्ताच काढलेली माती, कोरडी. रोपांवरून पाणी निथळत होतं, माझी बाही भिजली होती, आणि माती मात्र घरातल्या कुंडीतल्यासारखी कोरडी.

"काय लागलं?" बाबांनी विचारलं. काळ्या चष्म्यातून त्यांना नीट दिसत नव्हतं.

मी तो दोना त्यांच्या हातात ठेवला.

बाबांनी बोटं फिरवली. रोपांच्या टोकांवरून, मग खाली मुळांपर्यंत. नाकाशी नेली. हेमराजकाकांनी मान लांब करून पाहिलं आणि त्यांच्या तोंडात आलेला विनोद तिथेच राहिला. टिकारामकाकाही उठून आले. हे दोघं गप्प बसलेले मी त्या सकाळी पहिल्यांदाच पाहिले.

"कोणं पेरली?" बाबा शेवटी म्हणाले.

"माहीत नाही, बाबा."

बाबांनी परत एकदा दोना चाचपला. मग काठी खाली ठेवली आणि हात पुढे केला. "मले तिकडं घेऊन चाल."

पाळीवर ठिकठिकाणी दगड वर आलेले होते. मी बाबांचा दंड धरून चालत होते. त्यांनी दोना दोन्ही हातांत धरला होता, भरलेली वाटी धरावी तसा. मामाजींनी आम्हाला येताना पाहिलं असणार, कारण ते एकाएकी गळाची दोरी गुंडाळायला लागले, उलगडून परत गुंडाळायला लागले. आम्ही अगदी समोर जाऊन उभे राहिलो तरी त्यांनी मान वर केली नाही.

बाबांनी भुजली पुढे केली. "घ्या, दादा."

आई मामाजींना दादा म्हणायची, म्हणून बाबाही म्हणायचे. हा शब्द मी किती दिवसांनी ऐकला होता.

मामाजींनी दोन्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "वैशाखात भुजली कोण देते?"

"मी देऊन रायलो."

"कोणं पेरली?"

"मले नाही मालूम. गळाले लागली."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "मी नाही, मामाजी. खरंच." त्यांचा विश्वास बसला असावा. मला खोटं बोलता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्यांनी हात पुढे केला, चिमटीत मुळाची माती धरली आणि चोळली. पाण्याकडे पाहिलं, परत चिमटीकडे. "कोरडी हाय," ते स्वतःशीच म्हणाले.

मग बाबा वाकले. आमच्याकडे जावई असा मेव्हण्यापुढे वाकत नाही. उलट मेव्हणाच जावयाला मान देतो. मामाजींनी घाईनं काठी टाकली आणि बाबांना खांद्याला धरून अडवलं.

"जवाई होय तुम्ही. वाकू नोका."

"मंग कोण वाकन? लहान मीच होय." बाबांचा आवाज अगदी साधा होता, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. "तुम्ही तवा खोटं नाही बोलले, दादा. उशीर झालाच होता."

मामाजींचे हात बाबांच्या खांद्यावरच होते. "तुमच्याच्यानं नाही झाला," ते म्हणाले. "तिनं सांगतलंच कोठं कोणाले? मले राखी बांधाले आली तं दिवसभर पोटाले हात लावून फिरत होती. मी म्हणलं काय झालं, तं म्हणे गॅस झाला. मी भी तिले चहा देऊन बसस्टँडवर सोडून आलो." मग म्हणाले, "मले तसं बोलाले नोको होतं. मी कोणाले बोलू, मले समजून नाही रायलं होतं."

ही पोटदुखीची गोष्ट मला माहीत नव्हती. बाबांनाही नव्हती. आई आमच्याकडेही असंच म्हणायची – गॅस आहे, होईल बरं.

मामाजींनी दोन-चार रोपं तोडली. बाबांच्या चष्म्याची काडी थोडी बाजूला करून ती त्यांच्या कानावर खोचली, ऑपरेशनच्या डोळ्याला बोट लागणार नाही अशी, फार जपून. मग बाबांनी चाचपडत मामाजींच्या कानावर खोचली. एकदा चुकली, खाली पडली. मी उचलून परत हातात दिली. मग दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले आणि मी तलावाकडे बघायला लागले, कारण रडणारी मोठी माणसं बघायची मला सवय नाही.

"मयू, इकडं ये," मामाजी म्हणाले. माझ्या कानावरही भुजली आली. लहान असताना ते खोचायचे तेव्हा टोचतं म्हणून मी लगेच काढून टाकायचे. त्या दिवशी घरी येईपर्यंत ठेवली. येताना आमगावच्या टपरीवर चौघंही एकाच बाकड्यावर बसले, आणि वैशाखात कानावर भुजली खोचलेल्या माणसांना चहावाला वाकून वाकून बघत होता.

मामाजी ठरल्याप्रमाणे रायपूरला गेले. बाबा त्यांना स्टेशनवर सोडायला आले, डोळ्याला जपत, माझ्या मागे बसून.

आता मी शोधलेल्या गोष्टी सांगते, कारण तुमच्यातले निम्मे लोक मनात हेच विचारत असतील. मीही विचारलं असतं. त्या गावात आणि आजूबाजूच्या घरांत मी चौकशी केली, मामाजींच्या शेजारच्या काकूंकडून. कोणाकडे पूजा, नवस, शाळेचा कार्यक्रम – काहीही नव्हतं. वैशाखात भुजली पेरली हे ऐकून काकू माझ्याकडेच विचित्र नजरेनं बघायला लागल्या. कोणी थट्टेनं टाकली म्हणावं, तर हेमराजकाकांचा चेहरा मी पाहिलाय. आणि थट्टा करणाऱ्यालाही पाण्याखालची माती कोरडी ठेवता येणार नाही. घरी मी बादलीत करून पाहिलं. कुंडीतली सुकी माती पळसाच्या पानात बांधून पाण्यात सोडली, लगेच बाहेर काढली. चिखल झाला होता.

उरलेली रोपं मी घरी आणून ग्लासात ठेवली होती. खिडकीतल्या उन्हात ती दोन दिवसांत हिरवी झाली. म्हणजे खरीच होती, साधा गहू. मग सुकली. बाबांनी ती टाकू दिली नाहीत, देव्हाऱ्याजवळ ठेवली आहेत. ते माझ्याशी याबद्दल बोलत नाहीत आणि मी विचारत नाही. आईचं नावही आमच्यापैकी कोणी यात घेतलेलं नाही. मीही घेणार नाही. मला खरंच माहीत नाही.

आई गेल्यापासून मामाजींचा फोन माझ्या नंबरवर यायचा. बाबा बाजूला बसलेले असले तरी "बाबा बरे आहेत ना" हे मला विचारायचे. आता रविवारी दुपारी बाबांचा फोन वाजतो. मी घरी असले की आतून ऐकते. सुरुवात नेहमी सारखीच असते, मामाजींच्या प्रश्नानं.

"भुजलीचं काही समजलं का?"

बाबा स्पीकरवरच बोलतात, त्यांना दुसरं बटण सापडत नाही.

"नाही जी. तुमाले?"

"मले भी नाही."

मग मामाजी विचारतात, तलावात पाणी किती आहे, आज काय लागलं. आणि बाबा, ज्यांच्या पिशवीतून मी अर्ध्या तासापूर्वीच तळहाताएवढ्या दोन मासोळ्या काढलेल्या असतात, खुर्चीत नीट सरसावून बसतात आणि सांगायला लागतात – रोहू होता दादा, असा मोठा, हाताशी येऊन सुटला.